मोफत शिक्षणाची उसनवारी

आधी एक हिशोब मांडते, मग बाकीचं बोलू.

जिओचा रोज दीड जीबीवाला २८ दिवसांचा पॅक २०२४ च्या जुलैत २३९ वरून २९९ ला गेला. महिना २८ दिवसांचा धरल्यामुळे वर्षाला १२ नाही तर १३ रिचार्ज मारावे लागतात, दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच बहुतेक. १३ गुणिले २९९, झाले ३,८८७ रुपये. आता दुसरी बाजू बघा. एससी कॅटेगरीतलं पोरगं घरून ये-जा करून साधं बीए नाहीतर बीकॉम करत असेल तर केंद्राच्या पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिपमध्ये त्याला फी सोडून निर्वाह भत्ता मिळतो ३,००० रुपये. वर्षाला हं, महिन्याला नाही. हॉस्टेलला राहत असेल तर ६,०००. म्हणजे सरकार ज्याला निर्वाह म्हणतं त्यात नुसता फोन चालू ठेवायचा म्हटला तरी ८८७ रुपये कमी पडतात, आणि जेवण, एसटीचा पास, वह्या-पुस्तकं, झेरॉक्स हे अजून हिशोबात धरलेलंच नाही.

आणि फोन चालू ठेवल्याशिवाय ते ३,००० मिळतच नाहीत, कारण फॉर्म ऑनलाइन, ओटीपी मोबाईलवर, कॉलेजची नोटीस व्हॉट्सअॅपवर. म्हणजे आधी घाला मग मिळेल. हे 'आधी घाला'च सगळ्याच्या मुळाशी आहे असं माझं मत आहे, त्यावरच आज लिहायचंय.

मी आमच्या घरातली कॉलेजला गेलेली पहिली. बीड जिल्ह्यातलं शिरूर कासारकडचं गाव, आईवडील दोघं ऊसतोडीला जायचे, मी आता पुण्यात एका ऑफिसात अकाउंट्स बघते. गावाकडची आणि आजूबाजूच्या वस्त्यांवरची पोरं मला स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी फोन करतात, कुणी कुणाला नंबर दिला ते मलाही माहीत नाही, पैसे घेत नाही एवढं मात्र सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे सीझनमध्ये महाडीबीटी हे स्कॉलरशिपचं सरकारी पोर्टल माझ्या लॅपटॉपवर उघडंच असतं आणि 'डिजिटल दरी' या विषयावर कुणी भाषण ठोकायला लागलं की माझं डोकं फिरतं, कारण ही मंडळी अजून 'गरिबाकडे मोबाईल नाही' इथेच अडकलेली असतात.

अहो मोबाईल आहे. २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत गावाकडच्या शंभरातल्या जेमतेम पंधरा घरांत इंटरनेट होतं, तो काळ गेला. असर या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या रिपोर्टात ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ९० टक्क्यांच्या आसपास मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. पण त्याच रिपोर्टात पुढे बघा, ज्यांना फोन वापरता येतो त्यांच्यात स्वतःचा फोन असलेली मुलं ३६ टक्के आणि मुली २७ टक्क्यांच्या आसपास. बाकी सगळा घरचा फोन. घरचा म्हणजे वडिलांचा, आणि वडील जिथे जातील तिथे तो जाणार.

आणि अडतं कुठे, तर नंबरावर. ज्यांच्या घरात एकच नंबर पंधरा वर्षं चालू आहे त्यांना हे कळायचं नाही. आमच्याकडे नंबर बदलत राहतात, कारण पैसे नसले की रिचार्ज राहतो, रिचार्ज राहिला की इनकमिंग बंद, आणि ९० दिवस काहीच वापर झाला नाही की कंपनी नंबर काढून घेऊ शकते आणि पुढे तो दुसऱ्याला मिळतो. आणि आधार? आधार काढलेलं असतं तिसरी-चौथीत, शाळेत कॅम्प लागला तेव्हा, त्या दिवशी तिथे जो माणूस हजर होता त्याचा नंबर टाकून.

एका पोराचं सांगते, नाव नको. बीकॉम फर्स्ट इयर, बीडला तिघांत मिळून एक खोली. प्रोफाइल बनवायला बसलो तर आधारला कुठला नंबर लिंक आहे तेच त्याला माहीत नाही, शेवटचे आकडे दिसतात त्यावरून म्हणाला, "ताई, हा चुलत्याचा जुना नंबर वाटतोय." लावून बघितला तर कुणी तरी रिक्षावाले काका बोलले, नाशिकचे. फार भला माणूस. म्हणाले, "पाठव बेटा ओटीपी, मी सांगतो की." आता आधारचा ओटीपी हजार लोकांच्या हातून फिरवायचा का, आणि नाही फिरवायचा तर नंबर बदलायला आधार केंद्रात जायचं, त्याची फी ५० होती ती २०२५ च्या ऑक्टोबरपासून ७५, शिवाय लाइन, शिवाय त्या दिवसाचं कॉलेज बुडालं आणि मेडिकलवर पार्टटाइम काम करतो त्याची हजेरी गेली. रिक्षावाल्या काकांनी मात्र पुढे दोनदा स्वतःहून फोन केला, "झाला का रे फॉर्म" म्हणून. कॉलेजातून कुणी विचारलं नव्हतं.

'ओटीपी कुणालाही सांगू नका' अशी जाहिरात सारखी लागते ना, ती ऐकून आम्हाला हसू येतं. आमच्याकडे ओटीपी सांगितल्याशिवाय एकही काम होत नाही! वडील पोरीला सांगतात, पोरगी सेतूवाल्याला सांगते, सेतूवाला ओरडतो "लवकर सांग, टाइम संपतोय". आधी सगळी व्यवस्था अशी उभी करायची की गरिबाला दुसऱ्याच्या हातून काम करून घ्यावंच लागेल, आणि मग फ्रॉड झाला की त्यालाच विचारायचं, तू सांगितलासच कशाला.

आता कॅलेंडर बघा. पोर्टल पावसाळ्यात उघडतं, मुदतवाढ मिळत मिळत पार पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत जातं. पण पावसाळ्यात फॉर्म भरून होत नाहीत कारण अॅडमिशनचे राउंडच चालू असतात, उत्पन्नाचा दाखला नवीन लागतो, बोनाफाइड मिळालेलं नसतं, जात पडताळणी अडकलेली असते. म्हणजे खरी धावपळ दिवाळीच्या पुढेमागे. आणि साखर कारखान्यांचा गाळप हंगाम कधी? २०२४ ला १५ नोव्हेंबरला सुरू झाला, २०२५ ला १ नोव्हेंबरला. म्हणजे बरोबर ज्या दिवसांत पोरीला वडिलांची सही, वडिलांचा ओटीपी, वडिलांचं पासबुक लागतं त्या दिवसांत वडील सांगलीकडे नाहीतर बेळगावकडे उसाच्या फडात. फोन कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीत, माणूस फडात. फोन बरोबर नेला तर उन्हात आणि पाल्यात पडून फुटतो, आणि चार्ज करायला गावातल्या टपरीवर द्यावा लागतो. ओटीपीची मुदत दहा मिनिटं. आता फडातून कोपीवर यायला किती वेळ लागतो ते मंत्रालयात बसून कुणाच्या ध्यानात येणार?

एका मुलीच्या वेळी आम्ही टायमिंगच ठरवून घेतलं होतं, पहाटे साडेचारला. म्हणजे गाडी भरायला निघायच्या आधी. मी इकडे पुण्यात लॅपटॉप उघडून, ती बीडला होस्टेलच्या जिन्यात, कारण आत रेंज नाही, आणि तिचे वडील, मी त्यांना मामा म्हणते, ते तिकडे कोपीवर थंडीत. कॉन्फरन्स कॉल. मामांना लिहितावाचता येत नाही, आकडे ओळखतात. तर ते एक-एक आकडा वाचायचे, "चार... दोन... हे वरी गोल हाय आन खाली शेपूट", म्हणजे ९. सर्व्हर पहाटे झकास चालतं, ही एक टिप म्हणून लिहून ठेवा. संध्याकाळी सातनंतर प्रयत्न करणं म्हणजे नुसता मनस्ताप.

पैशाचं बोलते आता, कारण फॉर्म फुकट आहे असं सगळे म्हणतात.

उत्पन्नाच्या दाखल्याला 'आपले सरकार' केंद्राच्या बोर्डावर ३३ रुपये ६० पैसे लिहिलेलं असायचं वर्षानुवर्षं. ३३ रुपये ६० पैशात दाखला मिळालेला एक माणूस मला दाखवा. दोनशे तर कुठेच गेले नाहीत, आणि 'उद्या लास्ट डेट आहे' म्हटलं की पाचशे. प्रतिज्ञापत्राचं आणखी वेगळं. २०२४ च्या ऑक्टोबरात १०० चा स्टॅम्प ५०० चा झाला, तेव्हा पोरांनी पाचशे-पाचशेचे स्टॅम्प घेतले, मग सरकारने सांगितलं की जातीच्या, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी विद्यार्थ्यांच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प लागतच नाही, साध्या कागदावर चालतं. खरं आहे ते, नियम आहे. पण हे काउंटरवरच्या माणसाला कोण सांगणार, अठरा वर्षांचं पोरगं? ते तर आधीच घाबरलेलं असतं. ज्याच्या घरात कुणी सरकारी नोकरीत आहे त्याचा बाप जाऊन "अहो साहेब, जीआर आहे" असं म्हणू शकतो. आमचा बाप काउंटरला गेला तर आधी चप्पल बाहेर काढतो.

बरं सगळी कागदं जमली की अपलोड करा. पोर्टलला फाइल लागते २५६ केबीच्या आत. फोनच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो चार एमबीचा. आता केबी आणि एमबी काय भानगड आहे, कमी कशी करायची, कमी केल्यावर तहसीलदाराचा शिक्का पुसट झाला तर काय, हे शिकवणारा विषय कुठल्याही सेमिस्टरला नाही. इन्स्टाला रील एडिट करणारं पोरगं, फिल्टर-बिल्टर सगळं येतं, पण पीडीएफ म्हटलं की झेरॉक्सच्या दुकानात. लोक म्हणतात ही पिढी डिजिटल आहे. आहे ना, पण फोनवर बोट फिरवता येणं आणि सरकारी फॉर्म भरता येणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि हा फरक घरात कुणी ऑफिसात काम करणारं असलं की आपोआप भरून निघतो. अॅटॅचमेंट, सब्जेक्ट लाइन, 'कृपया पोच द्यावी' ही भाषा ज्यांच्या घरात रोज असते त्यांना ती शिकावी लागत नाही.

आणि तो एक ऑप्शन, 'राइट टू गिव्ह अप'. महाडीबीटीवर स्कॉलरशिप नको असेल तर सोडून द्यायचा अधिकार म्हणून बटण दिलंय. इंग्रजीत. पोरांना वाटतं राइट म्हणजे हक्क, हक्क आहे तर दाबलं पाहिजे. हसू नका, एवढ्या पोरांनी दाबलं की समाजकल्याण खात्याला सूचना काढाव्या लागल्या, ज्यांनी चुकून दाबलंय त्यांचे अर्ज कॉलेजने परत खुले करून घ्या म्हणून. गॅस सबसिडी सोडायला लावतात तसं स्कॉलरशिप सोडायला कुणाला सुचलं देव जाणे. अडीच लाखाच्या आत उत्पन्न असलेला माणूस स्कॉलरशिप कशाला सोडेल हो?

फॉर्म गेला. मग 'अंडर स्क्रूटिनी'. कॉलेजचा क्लार्क, मग प्राचार्य, मग जिल्ह्याचं समाजकल्याण. एखादा दाखला पुसट म्हणून 'सेंड बॅक' झाला तर तो मेसेज येतो त्याच नंबरवर जो आता बंद आहे. कॉलेजच्या क्लार्कला शिव्या घालणं सोपं आहे, मीही कॉलेजात असताना भरपूर घातल्यात, पण एक माणूस हजार-दीड हजार फॉर्म बघतो, बरेचदा कंत्राटी असतो आणि त्याचाच पगार तीन महिने थकलेला असतो. तो व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री साडेनऊला टाकतो, 'उद्या शेवटची तारीख, सर्वांनी हार्डकॉपी जमा करावी.' ज्याचा पॅक संपलाय त्याला ते कळतं परवा, पॅक मारल्यावर, सगळे मेसेज एकदम धडाधड येतात तेव्हा.

मग पैसे. हा सगळ्यात मोठा गुंता आहे म्हणून नीट सांगते.

एससीच्या पोस्ट मॅट्रिकमध्ये आता ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा. केंद्राचा वाटा सरळ विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, आणि त्यात कॉलेजची फीसुद्धा असते, ती विद्यार्थ्याने सात दिवसांत कॉलेजला भरायची. कागदावर किती छान आहे ना, मधले दलाल संपले, कॉलेजांचे बोगस विद्यार्थी संपले. ते खरंच होते, त्यात वाद नाही. पण खात्यात पैसे पडतात कधी, कधी मार्चमध्ये, कधी पुढच्या वर्षी, वरातीमागून घोडं. आणि आधार पेमेंट असल्यामुळे पैसे पासबुक दिलेल्या खात्यात येतीलच असं नाही, ज्या बँकेला आधार सगळ्यात शेवटी लिंक झालं तिथे जातात. सिम घेताना अंगठा दिला आणि त्यात भलतंच पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलं असे प्रकार झालेले आहेत, २०१७ मध्ये आधार देणाऱ्या यूआयडीएआयने त्यावरून एका मोठ्या कंपनीवर कारवाईही केली होती. त्यामुळे पोरं पासबुक भरून भरून थकतात आणि पोर्टल म्हणतं 'फंड डिसबर्स्ड'. पैसे आलेत, फक्त कुठे आलेत ते शोधायचं.

सापडले की पुढचं संकट. अशा घराचा विचार करा जिथे एकरकमी वीस-पंचवीस हजार फक्त मुकादमाच्या, म्हणजे तोडीला टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या, आगाऊ उचलीच्या वेळी दिसतात. एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायको दोघांना मिळून उचल घेतात आणि मग सगळा हंगाम ती फेडतात, टनाला दर २०२४ च्या जानेवारीत वाढून ३६६ झाला, वाढ होऊनसुद्धा ३६६. अशा घरात पोराच्या खात्यात फीचे पैसे पडले आणि त्याच आठवड्यात आजी दवाखान्यात असेल तर सात दिवसांत कॉलेज पहिलं की आजी? पैसे वापरले जातात. मग कॉलेज हॉल तिकीट अडवतं, टीसी अडवतं, आणि पोरगं 'स्कॉलरशिप खाल्ली' म्हणून वर्गात बदनाम. मी अशी केस बघितलीये आणि त्या पोराला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. रेटतही नाही आणि रेटू पण नये.

उलटं पण होतं. कॉलेजला पैसे यायला उशीर होतो म्हणून कॉलेज अॅडमिशनलाच सांगतं, आता भरा, आले की परत देऊ. फ्रीशिपवाल्यांकडून, म्हणजे ज्यांची फी सरकार भरतं त्यांच्याकडून, असं आधी घ्यायचं नाही असं सरकार दरवर्षी बजावतं. मुलींचंच बघा ना, ८ जुलै २०२४ चा जीआर, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी १०० टक्के माफ. निर्णय चांगलाच आहे, माझ्या ओळखीतल्या दोन मुली त्यामुळे इंजिनिअरिंगला गेल्या, नाहीतर बीएस्सी करून लग्न ठरलंच होतं. पण गावात त्याचं नाव पडलं 'मुलींना सगळं फुकट'. बाप पोरीला घेऊन कॉलेजात गेला तर डेव्हलपमेंट फी वेगळी, होस्टेल वेगळं, मेस वेगळी, डिपॉझिट वेगळं, युनिफॉर्म वेगळा. बापाने कपाळाला हात लावला. घरी येऊन म्हणतो सरकारने फसवलं. सरकारने नाही फसवलं हो, जीआरमध्ये जे लिहिलंय तेच दिलंय, पण जीआर वाचून सांगायला घरात कुणी नाही.

हे 'आधी भरा' कुठून येतं मग? बचत गटातून, आईच्या नावावर. सोन्याच्या मण्यांतून. मामाकडून. आणि गेल्या काही वर्षांत फोनमधून. लोन अॅप. पाच हजार पाहिजेत, आधार-पॅनचा फोटो टाका, पाच मिनिटांत खात्यात, आणि हातात पडतात साडेतीन हजारच, बाकी प्रोसेसिंग फी. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये डिजिटल कर्जाचे नियम आणले, पैसे सरळ कर्जदाराच्या खात्यातच आले पाहिजेत, सगळे चार्जेस आधी सांगितले पाहिजेत, तरी बिनपरवान्याची अॅप्स नाव बदलून येतच राहतात. एका पोराने परीक्षा फॉर्मसाठी असं घेतलं होतं. फॉर्मचं पेमेंट करताना पैसे कटले आणि स्टेटस 'अनपेड', परत भरायला परत अॅप. हप्ता चुकला तर त्याच्या कॉन्टॅक्टमधल्या लोकांना मेसेज गेले, त्यात त्याच्या मुकादमाचा पण नंबर. गंमत बघा, ज्या घराला स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला इतकी कागदं लागतात त्याच घराला कर्ज मात्र एका सेल्फीवर मिळतं. डिजिटल इंडिया दोन्हीकडे आहे, वेग वेगळा आहे.

लॅपटॉपचं तर मी फार बोलत नाही. बीसीए, इंजिनिअरिंगला गेलेल्या पोरांना सेकंड हँड घ्यावाच लागतो, बाकीची फोनवरच प्रोजेक्ट टाइप करतात, अंगठ्याने चाळीस पानं, आणि झेरॉक्सवाल्याकडे गेल्यावर फॉन्ट पसरतो. नवीन धोरणात इंटर्नशिप, ऑन जॉब ट्रेनिंग आलंय, ते शहरात जाऊन बिनपगारी करायचं, तिथलं खोलीभाडं कुणी द्यायचं याचं उत्तर क्रेडिटमध्ये मिळत नाही. स्वाधार योजनेत सरकारी होस्टेल न मिळालेल्या एससी मुलांना पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० पर्यंत मिळतात, चांगली रक्कम आहे, पण राहण्याचा पुरावा पाहिजे, भाडेकरार पाहिजे, आणि कॉट बेसिसवर पोरं ठेवणारा कुठला घरमालक भाडेकरार करून देतो? दिला तर त्याचे वेगळे पैसे. आणि तेही वर्ष संपत आल्यावर. तोपर्यंत खोलीभाडं, मेस? आधी घाला.

म्हणून मला विचाराल तर फुकट टॅब वाटण्याचा कार्यक्रम बंद केला तरी चालेल. टॅबचं काय होतं ते सगळ्यांनी बघितलंय. त्यापेक्षा अॅडमिशनच्या आठवड्यात निदान निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता खात्यात टाका, कागदं नंतर तपासा, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पोरांचे दाखले तर तुमच्याकडे आधीच आहेत, तेच ते परत काय मागता. आणि प्रत्येक कॉलेजात एक पगारी माणूस ठेवा ज्याचं काम फक्त हे. फॉर्म भरून देणं, बँकेत बरोबर जाणं, फोन करून विचारणं. नाशिकच्या रिक्षावाल्या काकांनी जे केलं तेच, फक्त पगार देऊन.

ते होईल तेव्हा होईल. तोपर्यंत ज्यांच्या घरचे या हंगामाला जाणार आहेत त्यांनी एवढं करा. वडील निघायच्या आधी स्वतःच्या आधारला स्वतःचा नंबर जोडून घ्या, वडिलांचा नको, ७५ रुपये जातील पण वर्षाची कटकट जाईल, आणि तो नंबर काही झालं तरी बंद पडू देऊ नका. आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, तिथे ज्या बँकेचं नाव दिसेल तिथेच पैसे येणार आहेत, भलतंच नाव दिसलं तर आपल्या बँकेत जाऊन बदलायचा फॉर्म द्या. खातं दोन वर्षं वापरलं नाही म्हणून बंद केलंय असं बँकवाले म्हणाले तर सांगा की सरकारी योजनेसाठी उघडलेलं झिरो बॅलन्सचं खातं असं निष्क्रिय करायचं नाही, रिझर्व्ह बँकेचा २०२४ पासून नियम आहे, आवाज चढवायची गरज नाही, फक्त मॅनेजरशी बोला, काउंटरवर नको. उत्पन्नाच्या दाखल्याच्या अर्जाच्या जास्तीच्या दोन-तीन प्रतींवर वडिलांच्या सह्या घेऊन ठेवा, पण कोऱ्या कागदावर सही कुणालाच देऊ नका, मुकादमाला पण नाही. सगळ्या कागदांचे फोटो उजेडात काढून स्वतःलाच मेल करून ठेवा, फोन फुटला तरी राहतील. 'राइट टू गिव्ह अप'ला हात लावू नका.

आणि मला फोन करायचा असेल तर साडेसातनंतर करा, दिवसा ऑफिसात उचलता येत नाही. किंवा मग पहाटे साडेचारला, तेव्हा सर्व्हर चालू असतं.